आठ सेकंदांचं चाक

डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर बसणाऱ्या बाई लोकांच्या बोलण्याकडे कधी कान द्यायच्या नाहीत. पण पुढच्या तपासणीची तारीख देणाऱ्या मशीनसमोर एक मावशी आणि तिचा भाचा येऊन उभे राहिले, आणि बाईंचा टाइप करणारा हात मंदावला. मावशी नुकतीच डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आली होती.

"अजून पडद्यावर चाकच फिरतंय रे. बिचारं किती विचार करतंय!"

"कसला विचार, मावशी? त्याचं काम कधीच झालंय. आठ सेकंद उगाच फिरतं."

"तुला काय ठाऊक?"

"या मशीनचा प्रोग्रॅम मीच लिहिलाय."

"मग काढून टाक की."

"काढलं होतं. तारीख चुटकीसरशी यायला लागली, तर लोकांच्या तक्रारी. म्हणे, मशीन नीट बघतच नाही, कुठलीही तारीख हातावर टेकवतं. साहेब म्हणाले, चाक परत घाल."

"आणि तू घातलंस."

"वर्षभर डोकं फोडून पळायला शिकवलं त्याला, आणि माझ्याच हातांनी पायात बेडी घातली. वीट आलाय गं या कामाचा. ते जाऊ दे. आत काय म्हणाले, सांगितलंच नाहीस."

"उजवा डोळा गेला म्हणाले. आता काही व्हायचं नाही. डाव्याला जपा."

"असं कसं? तू तर दोन मिनिटांत बाहेर आलीस!"

"तेच ना. मी खुर्चीत धड टेकलेसुद्धा नव्हते. खोटं का होईना, तुझं ते चाक त्यांनी जरा फिरवायचं होतं रे."