चौदाशे ग्रामचा कोट

नाही, परवडत नाही म्हणून नव्हे! हे आधी डोक्यातून काढून टाका. आमच्या हिने शेजारपाजारी तेच पसरवलंय, ‘परवडत नाही म्हणून जुने कपडे घेतले, आणि वर नाव दिलं शिकवण!’ अहो, परवडत नव्हतंच, मी कुठे नाही म्हणतो? पण परवडत नसताना माणसाने पोरांना काही शिकवू नये असा कायदा आहे का? उलट परवडत असताना कोण शिकवतो हो? परवडतं तेव्हा माणूस वस्तू घेतो आणि गुपचूप घरी येतो!

झालं काय, थंडी तोंडावर आली आणि दोन्ही पोरांचे कोट एकाच वर्षी आखूड झाले. थोरली बारा वर्षांची, धाकटा सात. आता पोरांना काय सांगणार, की यंदा एकाने वाढा, दुसऱ्याने पुढच्या वर्षी? थोरलीने कोपऱ्यावरच्या त्या झगमग दुकानात एक कोट बघून ठेवलेला. किंमत चोवीसशे! एका कोटाची! मी म्हटलं, अगं, एवढं काय आहे त्यात? तर म्हणते, ‘बाबा, वर्गात सगळ्यांकडे आहे.’ सगळ्यांकडे म्हणजे किती जणींकडे? ‘तिघींकडे.’ वर्गात पोरं चाळीस, आणि तिघी म्हणजे सगळे! तुम्हाला सांगतो, त्याच क्षणी मी ठरवलं, हिला पैशाची अक्कल द्यायची. गप्प बसलो असतो तर आज तुमच्यापुढे असा रडत बसलो नसतो...

आता मी आहे पार्सल कचेरीत. बावीस वर्षं तीच खिडकी, तोच काटा. पार्सल घ्यायचं, तोलायचं, दर सांगायचा. इतकी पार्सलं हातावरून गेलीत की काटा आता नुसता साक्षीला ठेवलेला असतो. वस्तू हातात घेतली की आकडा डोक्यात हजर. पन्नास ग्रामची चूक नाही! आमची ही सांगत असते, ‘माझा हात पहिल्यांदा धरला ना यांनी, तेव्हाही आधी वजनच केलं असणार!’ असो. तर बाजारामागच्या गल्लीत एक जुन्या कपड्यांचं दुकान आहे, आणि ते दुकान कपडे विकतं किलोवर! किलोला तीनशे. लोकर असो, सुती असो, बटणं असोत नसोत, काट्यावर टाका आणि पैसे द्या. मी म्हटलं, वा! पोरांना पैशाची किंमत कळायला याहून चांगली शाळा कुठली?

थोरलीच्या हातात पाकीट दिलं. आत एक हजार. त्यात दोघांचे दोन कोट, एकेक पँट, एकेक स्वेटर. निवड तुमची, हिशेब तुमचा, आणि... इथे माझी जीभ घसरली बघा... म्हटलं, जे उरेल ते तुमचं!

‘तुमचं म्हणजे माझं ना?’ थोरली.

‘पाकीट ज्याच्या हातात, त्याचं,’ मी. हसत म्हटलं हो मी हे! हसत!

दुकान म्हणजे एक लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना लोखंडी दांड्या, दांड्यांवर कपडे इतके खच्चून भरलेले की एक ओढावा तर तीन अंगावर येतात, आणि सगळीकडे डांबरगोळ्यांचा वास. दाराशी काटा, काट्यामागे मावशी. चष्मा दोरीला बांधून गळ्यात, आणि नजर अशी की आपण स्वतःच काट्यावर उभे आहोत असं वाटावं. थोरलीने पाव तासात दुकान ओळखलं. जाडी पँट उचलली, हातावर झुलवली, परत ठेवली. ‘बाबा, या एकीत साध्या दोन येतात.’ धाकट्याने सहा खिशांचा काहीतरी झगा काढला, तर म्हणते, ‘ठेव तो. खिशांचंपण वजन असतं.’ खिशांचं वजन! अहो, मला कचेरीत हे कळायला दोन वर्षं लागली होती! मी तर फुगलो. मावशींकडे बघून म्हटलंसुद्धा, ‘मुलगी आहे माझी.’ मावशी म्हणाल्या, ‘दिसतंय.’

आणि मग धाकट्याला तो कोट सापडला. तपकिरी, जरा जुनाट, पण आत काय अस्तर! मेंढीसारखं केसाळ, दाट. पोराने त्यात तोंड खुपसलं आणि बाहेरच काढेना. मी हातात घेऊन पाहिला. ‘चौदाशे,’ म्हटलं. ‘म्हणजे चारशे वीस.’ थोरलीने पाकिटाकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं, मग म्हणाली, ‘बाबा, तुम्ही तिकडे मोजे बघा. आम्ही जरा मापाला घालून बघतो.’ मी गेलो. बापाला मोजे बघायला सांगितले की बाप मोजे बघतो. पडद्याखालून चार पाय दिसत होते, आतून खुसफूस चाललेली, वीस मिनिटं! मी म्हटलं, किती काळजीने बघतेय, बटणंसुद्धा तपासत असेल. आणि मी म्हणे शिकवायला गेलो होतो!

आले बाहेर. कोटाची घट्ट घडी थोरलीच्या हातात. मी घेतली, काट्यावर ठेवली. बरोबर नऊशे. ‘दोनशे सत्तर,’ मावशी म्हणाल्या. आता मी म्हटलं होतं चौदाशे. पण असेल, होतं एखाद्या वेळी, हात काही देवाचा नसतो... पुढे चला. सगळं मिळून पाकिटात एकशे नव्वद उरले. घरी येताना मी रस्ताभर व्याख्यान दिलं, गरज कशाला म्हणतात आणि हौस कशाला म्हणतात यावर. दोघंही इतकी शांतपणे ऐकत होती! तिथेच संशय यायला हवा होता.

हे शनिवारचं. बुधवारी जेवताना हिने धाकट्याला पोळी दिली आणि तिचा हात त्याच्या हाताला लागला. ‘अगं बाई! बर्फ आहे हा! थंडी वाजते का रे तुला शाळेत जाताना?’

पोराने आधी बहिणीकडे पाहिलं. मग म्हणाला, ‘नाही वाजत.’

‘ओठ निळे पडलेत तुझे! खरं सांग!’

‘आई,’ तो म्हणाला, ‘मला ते शुक्रवारपर्यंत म्हणता येत नाही.’

तुम्हाला सांगतो, मी पोळीचा तुकडा भाजीत बुडवला होता, तो तिथेच राहिला. ही उठली, खुंटीवरचा कोट काढला, आत हात घातला... आणि हात थेट कापडालाच लागला. अस्तर नाही! कडेने नुसते तुटके दोरे लोंबतायत! कंपासपेटीतल्या कात्रीने पडद्यामागे उसवलं होतं पोरीने, पाचशे ग्राम, अख्खंच्या अख्खं, आणि तिथल्याच खुंटीला टांगून आली होती. दीडशे वाचवले! मग धाकट्याच्या दप्तरातून वही निघाली. मागच्या पानावर रीतसर करार. ‘थंडी वाजते असे न म्हणणे, रोजचे दहा. दात वाजल्यास पाच कापणे. आजारी पडल्यास सुट्टी बिनपगारी.’ खाली थोरलीची सही, आणि धाकट्याला सही येत नाही म्हणून त्याने मोटार काढलेली!

बिनपगारी! अहो, हा शब्द पोरीला कुणी शिकवला? घरातच शिकली असणार. तिच्या आईचे कामाचे दिवस यंदा मालकांनी निम्मे केले ना... मी म्हणे शिकवायला गेलो होतो!

माझा पारा चढला. मी असा ओरडणारा माणूस नव्हे, खिडकीवर लोक काय काय बोलतात, मी ऐकून घेतो. पण त्या दिवशी ओरडलो. ‘सख्खा भाऊ तुझा! सात वर्षांचा! त्याला कुडकुडत पाठवलंस, दहा-दहा टिकवून? आणि आम्हाला फसवलंस?’

पोरगी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं हो, मी माफ करून मोकळा झालो असतो! ती माझ्याकडे बघत राहिली, खरंच काही न कळल्यासारखी, आणि म्हणाली, ‘पण बाबा, तुम्हाला तर माहीत होतं.’

‘मला?’

‘काट्यावर ठेवताना तुमचा हात थांबला. तुम्ही घडी खालीवर केलीत. मग माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, आता सांगणार. मग काही बोललाच नाहीत. रस्त्याने पण किती छान बोलत होतात. मला वाटलं... तुम्हाला आवडलं.’

...

ही माझ्याकडे बघत होती. धाकटासुद्धा. काय सांगू तुम्हाला... मघाशी मी तुम्हालाही ‘पुढे चला’ म्हणालो ना? ते याच्यासाठी. हात थांबला होता. बावीस वर्षांचा हात आहे, पाचशे ग्राम गेले आणि त्याला कळणार नाही? कसं गेलं ते नव्हतं कळलं, देवाशपथ! अस्तराचं डोक्यातही आलं नाही. पण काहीतरी गेलंय, आणि मावशींचा तोटा होतोय, एवढं पक्कं कळलं होतं. आणि मी काय केलं? मनात म्हटलं, वाचले दीडशे. बस! पोरीच्या डोळ्यांसमोर! घडी उघडून बघितली असती तर पोराचं अस्तर तिथल्या तिथे सापडलं असतं. नाही उघडली. उघडली की महाग झाला असता ना! पोरगी व्याख्यान कशाला ऐकते हो? ती हात बघते.

दुसऱ्या दिवशी कचेरीत तीन पार्सलांचं वजन चुकलं माझं. तिन्ही वेळा काटा बघावा लागला.

संध्याकाळी थोरलीला घेऊन दुकानात गेलो. धाकटा घरी, आईच्या शालीत गुंडाळलेला, तीन दिवसांचे तीस वसूल करून बसलेला. माझा बेत साधा होता. अस्तर तिथेच कुठेतरी असणार, हळूच शोधायचं, पैसे टाकायचे आणि निघायचं. जुन्या दुकानात कोण विचारतं? आणि होतंच की! मावशींनी त्याला बिनबाह्यांचं जाकीट समजून दाराजवळच्या वेगळ्या दांडीवर लटकवलेलं. त्या दांडीवरचा माल किलोवर नाही, नगावर. एकशे ऐंशीची चिठ्ठी. पण मी पोचेपर्यंत एका बाईने ते काढलं, कडेवर तान्हं मूल होतं तिच्या, मुलाच्या पाठीला लावून बघितलं, छान म्हणाली, आणि निघाली काट्याकडे!

आता? शहरात तसं दुसरं अस्तर नाही, त्या कोटाला बसेल असं तर नाहीच. पोर घरी शालीत. मागे रांगेत पाच-सहा माणसं. थोरली बाजूला उभी, नजर माझ्यावर. मी घसा खाकरला.

‘मावशी, ते जाकीट नाही. अस्तर आहे. आमच्या कोटाचं. मुलीने उसवलं वजन कमी व्हायला. आणि मी... मला काट्यावरच कळलं होतं काहीतरी कमी आहे. मी बोललो नाही.’

मावशींनी दोरीचा चष्मा उचलला, डोळ्यांवर चढवला, मला नीट पाहिलं. ‘तुम्ही ते खिडकीवरचे ना? पार्सलवाले?’

‘हो.’

‘गेल्या महिन्यात माझं पार्सल परत पाठवलंत तुम्ही. दहा ग्राम जास्त म्हणून. बहिणीकडे जायचं होतं ते. मी म्हटलं, अहो, दहा ग्रामच आहे. तर मला म्हणालात, नियम म्हणजे नियम.’

मी म्हटलंच असेन. मी रोजच म्हणतो.

‘एकशे ऐंशी नगाचे,’ मावशी म्हणाल्या. ‘आणि या ताई रिकाम्या हाताने जाणार नाहीत. यांच्या बाळाला दुसरं जाकीट देते, त्याचे एकशे वीस तुम्ही भरा. झाले तीनशे.’ मी म्हणालो, वजनावर धरलं तर अस्तराचे दीडशे होतात... तर म्हणाल्या, ‘वजनावर कोट. तो तुम्ही आधीच नेलात.’ रांगेतला एक जण हसला. मी तीनशे मोजले. त्या बाई जाताना म्हणाल्या, ‘देव तुमचं भलं करो, दादा.’ आणि खरं मनापासून म्हणाल्या हो! तेच जास्त लागलं.

बाहेर आलो. अस्तर थोरलीने छातीशी धरलेलं. मान खाली घालून चालत होती. मी म्हटलं, लागलंय मनाला. आता बोलेल, चुकलं म्हणेल, मी पाठीवरून हात फिरवीन. चौकापाशी थांबली.

‘बाबा, तुम्ही शनिवारीच सांगितलं असतं तर दीडशेत झालं असतं ना?’

‘हो.’

‘आज दुप्पट पडले.’

‘हो.’

‘म्हणजे खरं लगेच सांगितलं की स्वस्त पडतं.’

आता तुम्हीच सांगा, खरं बोलायचं हे काय कारण झालं? मी तोंड उघडलं होतं, तुम्हाला सांगतो, चांगलं मोठं काहीतरी बोलणार होतो, भावाबद्दल, मावशींबद्दल, बिचाऱ्या त्या तान्ह्याबद्दल... ती वाट बघत होती. माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघत. ‘हो,’ म्हटलं, ‘स्वस्त पडतं.’ तीनशे मोजून झाल्यावर याहून मोठं कारण खिशात उरणार तरी कुठून!