चित्रातल्या घरचा धूर

बुढीनं आन् म्या मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एक खिळा ठोकला. लोक हसतात, पण लिवून घ्या, खरं हेच हाये. मी स्टुलावर, बुढी खाली स्टूल धरून, आन् धरता धरता हुकूम सोडून राह्यली, डावीकडं घ्या, उजवीकडं घ्या, तुमचं तं लग्नातलं बाशिंगबी वाकडंच होतं. पंचावन्न वर्षं झाली त्या बाशिंगाले, पण बुढी काही विसरली नाई.

मी मूळचा सिंदीचा, तिसरी शिकलेला, सारी उमर जिनिंगात कापसाच्या गाठी उचलल्या, आता नालवाडीत दोन खोल्या हायेत. घरात गॅस हाये, पण गॅसवरची भाकर बुढीले गोड लागे नाई, म्हणून आंगणात चूल.

खिळा होता नातीनं केलेल्या चित्रासाठी. सोनू नागपुरात चित्रकला शिकते. जपानी लोक करतात तसं म्हणे, लाकडावर कोराचं, रंग लावाचा, वरून कागद दाबाचा, एकेका रंगाले एकेक फळी. चित्रात आपल्याकडचंच रान, तळं, सांजेचं लाल आभाळ, मोळी घेऊन घरी चाललेला एक माणूस आन् कोपऱ्यात त्याचं खोपट. फक्त डोंगर सुईसारखा टोकदार. म्या म्हटलं, बाई, वर्धा जिल्ह्यात असा डोंगर तुले कुठं दिसला? तं म्हणे, आबाजी, तिकडचे असेच असतात. खाली पेन्सिलीनं लिवलं होतं, विसातलं तिसरं, त्याच फळ्यांवरून असे वीस कागद छापले म्हणे. म्या इचारलं, बाकीचे एकोणीस कोणाच्या घरी? हसू हसू बेजार झाली. काच बसवाची बाकी होती, नुसतं पुठ्ठ्यावर होतं, म्हणून जातानी बजावून गेली, आबाजी, कागदाले हात लावजा नका.

खिळा ठोकून झाल्यावर बुढीनं चष्मा लावला आन् तांदूळ निवडावं तसं चित्र पाह्यलं. मंग म्हणे, या घरातून धूर काऊन नाई? सांज झाली, माणूस घरी येऊन राह्यला, आन् चूल थंडी? म्या म्हटलं, गॅस असंल. म्हणे, खोपटात कायचा गॅस, त्या घरी कोणी तरी मेलं असंल. म्या म्हटलं, तुले कधी चांगलं सुचणार नाई. म्हणे, सोनूले फोन करा, तिले धूर घालाले सांगा. उद्या करतो म्हटलं, पह्यले भाकर टाक. तिनं चूल पेटवली, आमी जेवलो आन् आडवे झालो.

सकाळी ती उठली नाई. चहासाठी म्या दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा शिवी देऊन. ती शिवी खुपते मले, पण तिले तीच हाक कळे.

दुपारी नेली. पोरगा आला, सोनू आली. आमच्यात माती झाली का तीन दिवस घरात चूल पेटत नाई, शेजारचे जेवण आणतात. शेजारणीनं पिठलं आणलं. म्या म्हटलं, मीठ जास्त हाये, तं ती रडाले लागली. तिले वाटलं, मी बुढीच्या आठवणीनं बोललो. मीठ खरंच जास्त होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तं समोर ते चित्र. तिकडं चूल थंडी, इकडंबी थंडी. आंगणात गेलो. चुलीच्या राखेत तिच्या जाळाचा एक कोळसा सापडला. स्टूल घेतला, एका हातानं भिंत धरली आन् खोपटाच्या छपरावर धूर काढाले लागलो.

मागून सोनू म्हणे, आबाजी, काय करून राह्यले?

म्या म्हटलं, तुह्या आजीचं काम हाये.

वाटलं, आता पोरगी बोंबलते. तिनं चित्राकडं पाह्यलं, खालच्या पेन्सिलीच्या आकड्याकडं पाह्यलं, मंग येऊन दोन्ही हातांनी स्टूल धरला.

उजवीकडं घ्या, म्हणे, वारा तिकडं चालला हाये.

म्या उजवीकडं घेतला.