मालिका गप्प झाली तेव्हा

मंडळी, देवानं डोळे दोन दिले, कान दोन दिले – पण लक्ष किती दिलं? एकच! आणि ते आत्ता कुठं आहे? तिसऱ्या रांगेतले तात्या, तो मोबाईल खिशात ठेवा. तो काही तुम्हाला वैकुंठाला नेणार नाही!

तर ऐका. भालचंद्र उंब्रजकर नावाचा एक लेखक. टीव्हीवरची मालिका लिहायचा. त्याची आई द्वारकाबाई रोज साडेसातला हात धुऊन, पदर सावरून समोर बसायची. लेकाचं लिखाण ना! पापणी हलायची नाही.

एक दिवस चॅनेलच्या साहेबांनी त्याला बोलावलं. म्हणाले, लोक बघतात कुठं? एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात मेथीची जुडी. मान वर न करता गोष्ट कळली पाहिजे. पात्रांना सगळं बोलायला लावा, नाहीतर दुसरा लेखक बघतो.

पोटाचा प्रश्न! झालं, नायिका रडायच्या आधी सांगू लागली की मला आता रडू येतंय. सासू दुधात विष कालवताना म्हणे, मी या दुधात विष कालवते आहे – आणि सून शेजारीच उभी! तिला ऐकू गेलं नाही. तीही मोबाईलवरच असणार!

महिन्याभरानं भालचंद्र साडेसातला घरी आला. मालिका बाहेर एकटीच बडबडतेय, आई आत शेंगा सोलतेय. त्यानं विचारलं, बघत नाहीस?

"इथून सगळं कळतं की रे. बघायला तू काही ठेवलंच नाहीस."

फार लागलं त्याला! नोकरी जाते तर जाऊ दे म्हणाला, आणि एक प्रसंग लिहिला. नवरा वारलेली म्हातारी. सकाळी सवयीनं त्याच्या अंघोळीचं पाणी काढते, टॉवेल ठेवते – आणि तिला आठवतं. बादलीशेजारी बसून राहते, वाफ विरेपर्यंत. शब्द नाही, संगीत नाही.

तो भाग लागला, आणि घरोघरी काय झालं? लोकांना वाटलं, टीव्ही बिघडला! सगळ्यांनी माना वर केल्या – आणि ती बादली दिसली. मेथी हातातच राहिली. द्वारकाबाई बाहेर आल्या, बघत बघत खाली बसल्या. सरकून लेकाला शेजारी जागा करून दिली.

आणि साहेब? त्यांचा फोन आला – ती बादली कुणाची होती हो? मी जरा मोबाईलवर होतो! नोकरी वाचली मंडळी. भालचंद्राला कामावरून काढायचं होतं, हेच साहेब विसरले!

मृदंगबुवा, थांबा. टाळ थांबवा.

...

बघा! आता सगळ्यांनी माना वर केल्या. तात्यांनीसुद्धा! अहो, घरात तुमचं माणूस असंच गप्प बसलेलं असतं. ते बोलून दाखवेल म्हणून थांबू नका. आज घरी जा, आधी त्याच्या तोंडाकडे बघा – आणि मग देवाचं नाव घ्या. तोवर तो विटेवर थांबतो, त्याला सवय आहे!