साहेबापेक्षा मोठ्यानं

(धुळे, १९५५. जिनिंगमधला फिटर लोटन, तिथंच कापूस घालणारी भागाबाई आणि इंग्रजी शिकवणारे रतिलाल मास्तर. मास्तरांच्या ओट्यावर.)

लोटन : जरा जोरमा बोला ना मास्तर. बारा वरीस जिनमा काढात, मन्हा कान गयात.

मास्तर : म्हटलं, आउटशाउट! या नोटिशीत तुमच्यावर एवढाच आरोप आहे. लोटन फिटरनं मॅनेजरसाहेबांना आउटशाउट केलं.

लोटन : म्हंजे? शिवी दिधी का मी?

मास्तर : छे हो! आउट म्हणजे बाहेर, शाउट म्हणजे ओरडणं.

लोटन : बाहेर जाईसन वरडनू? मी तं मझारच व्हतू, मशीनपाशी.

मास्तर : अहो, तसा नाही अर्थ लागत. शर्यतीत एक बैलजोडी दुसरीला मागं टाकते, तिथंही हेच 'आउट' लावतात. तसं तुम्ही ओरडण्यात साहेबांना मागं टाकलंत. तुमच्या आवाजात त्यांचा आवाज बुडाला.

लोटन : आरे बाप! एवढं बठ्ठं एकच शब्दमा? भलता कंजूस शे इंग्रज.

मास्तर : हसताय काय? उद्या दुपारपर्यंत उत्तर नाही गेलं तर नोकरी जाईल तुमची.

लोटन : म्हनीसनच उनू. कारकून म्हने, 'असं घडलं नाही, माफी असावी' इतलंच लिखी दे, नोकरी वाची. मी म्हंतं, जे कयं नही म्हनीसन सांगानं, ते काय शे ते तं समजू दे!

मास्तर : समजलं ना आता? मग लिहू तसं?

लोटन : थांबा. एक इचारू? मुका मानूसले आउटशाउट करता येस का?

मास्तर : मुक्याला? नाही... समोरचाही ओरडत असला पाहिजे.

लोटन : म्हंजे साहेब बी वरडत व्हता, हाई त्यान्याच कागदमा उनं!

मास्तर : अरेच्चा! आलं खरं. काय ओरडत होते साहेब?

भागाबाई : 'चालू ठेव, चालू ठेव!' दुसरं काय? ट्रक भराना व्हता. तठे मन्हा पदर मशीनना पट्टामा गया, पदरमांगे हात चालना. साहेबले दखायनं नही व्हई.

मास्तर : पण जिनात तुम्ही सगळे हातानंच बोलता ना? खूण का नाही केलीत?

लोटन : इंजन चालाडनारा दूर व्हता, त्यानी पाठ व्हती मास्तर. पाठले खून कशी दखाई? मंग वरडनू, 'बंद कर!' जिंदगीमा इतला जोरमा कधी वरडनू नही.

मास्तर : आणि त्याला तुमचं ऐकू गेलं.

लोटन : मन्हंच ऐकू उनं. आते मी लिखू का, साहेबनाच आवाज मोठा व्हता? मंग हाई बाई अठे हातपाय धड लिसन बठेल कशी?

मास्तर : लोटनभाऊ, कबूल केलंत तर नोकरीची खात्री नाही. घरी पाच माणसं आहेत तुमच्या.

लोटन : भ्याव वाटस मास्तर, खोटं काबर बोलू? तरी लिखा. आउटशाउट कयं. आनि कसाकरता कयं, ते बी लिखा.

भागाबाई : माले बी घ्या कागदवर. साक्षीदार. सही येत नही, अंगठा लावसू.

मास्तर : ही घ्या शाई. अहो, तो नको भागाबाई, त्या हाताला चिंधी बांधलीय. दुसरा लावा.

भागाबाई : हाऊच लावसू मास्तर. पट्टामा जाई राहिंता, तो.