सदतीस तक्रारी

नाही मॅडम, मशीन बरोबरच सांगतंय. पुस्तक हरवलेलंच आहे. आता ते तुमच्या हातात आहे म्हणून काय झालं — हातात असणं वेगळं आणि नोंदीत असणं वेगळं, तुम्ही मुख्य कार्यालयातून तपासणीला आलेल्या, तुम्हाला मी काय सांगायचं? ठेवा ते खाली. असं, टेबलावर. आणि तो स्कॅनरही ठेवा बाजूला, सकाळपासून धरलाय, मनगट भरून येईल. बसा ना. त्या खुर्चीत नको — बरं, बसलातच तर बसा. उंच वाटते? ती मुद्दाम उंच घेतलीय. सांगते.

तुम्ही आलात त्या तक्रारींसाठी, हो की नाही? म्हणजे कागदावर तपासणी पुस्तकांची, पण खरं कारण तक्रारी. आठ महिन्यांत सदतीस, आणि सगळ्या एकाच सदस्याच्या. मला कळतं हो. बाकीच्या सगळ्या शाखांच्या मिळून नसतील तेवढ्या. आणि एक सोडली तर बाकी सगळ्या कशाबद्दल, तर शाखेकडून जाणाऱ्या संदेशांत शुद्धलेखनाच्या चुका. आता तुम्ही म्हणाल, एकोणतीस वर्षं पुस्तकांत बसलेल्या बाईला 'सूचना' लिहिता येऊ नये? येतं की. सू दीर्घ. मी ऱ्हस्व लिहिते. मुद्दाम.

लिहून घेऊ नका, आधी ऐका.

त्या सदस्य म्हणजे माझी थोरली बहीण. अक्का. मुख्याध्यापिका होती, आता निवृत्त झाली. घर पोस्टाच्या मागे, इथून चालत बारा मिनिटं. आणि आम्ही अकरा वर्षं बोललेलो नाही. एक शब्द नाही. का, तर हे जे तुमच्यासमोर पडलंय ना, या पुस्तकापायी. हसू नका — बरं, हसा, मलाही कधी कधी येतं.

अक्काला झाडांचं वेड. हे पुस्तक तिनं नेलं, गुलाबाची, आंब्याची कलमं कशी बांधायची त्याचं. मुदत संपली, पुस्तक नाही. दोन महिने झाले, नाही. मी निरोप पाठवला, तर ती म्हणाली, मी कधीच परत दिलंय. मी रजिस्टर उघडलं. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, हे एवढं जाड रजिस्टर, पुस्तक आलं की नावावर लाल रेघ मारायची आणि मग कपाटात लावायचं. अक्काच्या नावावर लाल रेघ नाही. ती इथे आली, काउंटरला उभी राहिली — वाचक होते चार-पाच, दोन तिच्या शाळेतल्या बाई होत्या — आणि शांतपणे म्हणाली, "मी तुझ्या हातात दिलंय." आणि मी काय म्हणाले? "रजिस्टरमध्ये नाही, म्हणजे दिलं नाही." एवढ्यावर थांबायचं की नाही माणसानं? नाही थांबले. मला मागून सगळे नोंदबाई म्हणतात, ते काय उगीच? दाराशी फळा आहे ना, त्यावर पुस्तकं परत न करणाऱ्यांची यादी लागायची. त्यात अक्काचं नाव लिहिलं. पहिल्या क्रमांकावर. पुढे 'मुख्याध्यापिका' असंही लिहिलं, माहिती पूर्ण असावी म्हणून. शाळा सुटली की पोरं याच रस्त्यानं जातात, मॅडम. आठ दिवस होतं ते नाव फळ्यावर. मग सदस्यत्व रद्द केलं आणि पुस्तकापुढे लिहिलं — हरवले.

आमच्याकडे त्यानंतर लग्नं झाली, बारशी झाली, ती एका दारानं यायची, मी दुसऱ्या. भाची मधे उभी राहून दोघींची ताटं वाढायची.

मग हे आलं तुमचं — ऑनलाइन. मला वाटलं, दोन वर्षं राहिलीत, रेटू कसंतरी. पण तुमच्या कार्यालयानं तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावलं. मी शेवटच्या रांगेत, खांबामागे. माउस असा धरला होता, जसा काही चावेल. शिकवणारे फार सज्जन, म्हणाले, काहीही दाबा, काही बिघडत नाही. हे वाक्य मला सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सरावाला दिलं — कुठलाही जुना, रद्द झालेला सदस्य निवडा आणि त्याचं सदस्यत्व पुन्हा सुरू करून पाहा. बाकीच्यांनी काय काय नावं घेतली माहीत नाही. माझी बोटं मात्र सरळ अक्कावर गेली. का गेली? असंच. खोडी. मनात म्हटलं, बघू तरी, फळ्यावरून पुसलेलं नाव पडद्यावर कसं दिसतं. संदेश लिहिला — आपले सदस्यत्व पुनरुज्जिवीत झाले आहे — आणि दाबलं. मला वाटलं, सराव आहे, जाईल कशाला कुठे? गेला की. थेट तिच्या मोबाइलवर.

दहा मिनिटांत तक्रार. "'पुनरुज्जीवित' असे लिहावे. जी दीर्घ, वि ऱ्हस्व. तसेच मी सदस्यत्व मागितलेले नाही."

काय वाटलं सांगू? अकरा वर्षांत तिचं आलेलं पहिलं वाक्य होतं ते. लहानपणी माझ्या वह्या तीच तपासायची. माझा र्‍हस्व-दीर्घाचा घोळ बघून तिचं डोकं फिरायचं, पेन्सिलीच्या टोकानं बोटावर टकटक करायची. बोटावर टकटक झाल्यासारखंच वाटलं. शाखेच्या तक्रारींना उत्तर कोणी द्यायचं? शाखेनं. शाखा म्हणजे कोण? मी. तर लिहिलं, आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे, आपला विश्वासू, ग्रंथालय विभाग. आणि पुढच्या आठवड्यात सगळ्या सदस्यांना कळवायचं होतं, रंगकामामुळे वाचनालय गुरुवारी तात्पुरतं बंद. मी 'गुरूवारी' केलं आणि 'तात्पूरते' केलं. एकाच वाक्यात दोन. बाकी चारशे सदस्यांपैकी एकानं चकार शब्द काढला नाही. अक्कानं दोन वेगवेगळ्या तक्रारी केल्या, प्रत्येक शब्दाला एक.

मग काय, सोमवार आला की माझं डोकं चालायला लागायचं, या वेळी कुठला शब्द मोडावा. तुम्हाला वाटत असेल, म्हातारीला काही उद्योग नाही. पण मी त्यापायी शिकले, मॅडम. संदेश सगळ्यांना कसा पाठवायचा, एकालाच कसा पाठवायचा, कोणी कधी वाचला ते कुठे दिसतं — त्या प्रशिक्षणात नाही शिकले ते सगळं या खोडीपायी आलं. तिला माहीत होतं का मी लिहिते ते? नसेल कसं? चुकीवरून मूल ओळखणारी बाई ती. पण तिनं कधी म्हटलं नाही, मी कधी सांगितलं नाही. ती 'ग्रंथालय विभाग यांस' लिहायची, मी 'माननीय सदस्य' लिहायचे.

तेव्हा मला हे सोपं होतं, कारण चूक तिची होती. म्हणजे मला तसं वाटत होतं. थोरल्या बहिणीनं पुस्तक हरवलं आणि कबूल केलं नाही, आणि धाकटी मोठ्या मनानं चिडवतेय — असं माझं चाललं होतं.

मग तक्रार क्रमांक एकोणीस. ती शुद्धलेखनाची नव्हती. लिहिलं होतं, वाचनालयाच्या छायाचित्रात दिसणाऱ्या खुर्च्या फार बुटक्या आहेत, ज्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे अशा सदस्यांनी बसावे कसे?

दोन्ही गुडघ्यांची. मॅडम, माझ्या सख्ख्या बहिणीचे दोन्ही गुडघे कापले, आणि मला कोणी सांगितलं नाही. भाचीला विचारलं, तर म्हणाली, मावशी, आईनं शपथ घातली होती. मी त्या दिवशी काही चुका केल्या नाहीत. नीट लिहिलं, आपल्या सूचनेनुसार उंच खुर्ची ठेवण्यात येत आहे. आणि ही आणवली. महिनाभर दार उघडलं की मी मान वर करायचे. ती काही आली नाही. कशाला येईल? तिचं नाव होतं ना त्या फळ्यावर.

त्यानंतर बारकोड आले. साडेनऊ हजार पुस्तकं, प्रत्येकाला पट्टी चिकटवायची. एकटीनं केलं मी सगळं. शेवटी राहिलं ते कायद्याचं कपाट, कारण ते कोणी उघडतच नाही, वकीलमंडळी इकडे कशाला फिरकतील? पाच महिने झाले त्याला. जमिनीचे कायदे, भाडेकरूंचे कायदे, आणि त्यांच्या मधे हे. बघा ना नाव काय — 'सोपी कलमे'. दिसलं? कायद्याच्या कपाटात कलमं. आत एक चिठ्ठी होती. पूर्वी परत आलेल्या प्रत्येक पुस्तकात आम्ही चिठ्ठी खोचायचो, कुठल्या कपाटात लावायचं त्याची. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'कायदा'. अक्षर माझं.

म्हणजे तिनं दिलं होतं. माझ्या हातात दिलं होतं. मी पाठीवरचं नाव वाचलं, आतलं पान उघडलं नाही, चिठ्ठी खोचली, कपाटात लावलं, आणि लाल रेघ मारायची राहिली.

मी तिथे कपाटापुढे फरशीवर बसून राहिले. मग उठून पट्टी चिकटवली — पट्टीशिवाय पुस्तक राहू द्यायला माझा हात तयार होईना — आणि परत तिथेच खोचून ठेवलं. नोंद का नाही बदलली? प्रयत्न केला. दहा वेळा तरी ते पान उघडलं असेल. 'सापडले' दाबलं की तुमचं मशीन विचारतं, सदस्यास कळवायचे? आणि खाली एकच बटण, 'होय'. नाही म्हणायची सोयच नाही. आणि जो संदेश जातो तो ठरलेला — आपण हरवलेले पुस्तक सापडले आहे. आपण हरवलेले. अक्काला हे जायचं, माझ्याकडून? त्यापेक्षा समोर जाऊन सांगावं. गेले होते की. दोनदा. बारा मिनिटं लागतात ते मला उगाच नाही माहीत. फाटकापर्यंत गेले, तिचे गुलाब बघितले, परत आले. इथे येऊन 'आर्शिवाद' चुकीचा लिहिला आणि पाठवून दिला. तेवढंच जमतं मला.

म्हणून म्हणतेय, मॅडम, तुम्ही आजच्या दिवस या पुस्तकाचं काही करू नका. तपासणीत एक कमी लिहा, एक जास्त लिहा, मी सही करते. मला थोडा वेळ —

काय?

बीप झाला होता म्हणजे? कधी? नाही, तो दरवेळी होतो. मघाशी, मी यायच्या आधी? तपासणीत स्कॅन केलं की नोंद आपोआप बदलते? आणि संदेश — तोही आपोआप?

बाजूला व्हा जरा. बघू दे. माझा चष्मा — राहू दे, दिसतंय. गेलाय. अकरा वाजून सहा मिनिटांनी. म्हणजे मी इथे तुम्हाला बसवून खुर्चीच्या गोष्टी सांगायच्या आधीच — वाचलाय. सहालाच वाचलाय तिनं. आणि हे बघा, आलंय. अडतिसावी. तुम्ही वाचा. नको, मीच वाचते.

"कुठे सापडले?"

बस. एवढंच. 'आपण हरवलेले' म्हटलं तरी त्यावर काही नाही. दुरुस्ती नाही, 'विभाग यांस' नाही.

आता इथे उत्तर लिहायचं, आपोआप येतं ते वाक्य खोडून. थांबा, मला घाई करू नका. कायद्याच्या — कपाटात. मीच — लावलं होतं. तू दिलं होतंस. माझ्या हातात. खाली 'ग्रंथालय विभाग' येतंय ते कसं काढायचं? हे दाबायचं? हां. गेलं. त्याजागी 'धाकटी'. तुम्ही बघा हो एकदा, चूक नाही ना कुठे? नक्की? मग पाठवते.

वाचलं तिनं. हे निळं झालं की वाचलं.

आता तीन ठिपके यायला हवेत. लिहीत असेल तर येतात. नाहीयेत. थांबू थोडं. तिला चष्मा लागतो, शोधत असेल. तुम्ही पाणी घेणार? मलाच हवंय.

काही येत नाही, मॅडम. आणि का यावं? आठ दिवस फळ्यावर ठेवलं मी तिला, ती काय एका ओळीत मिटवेल? ते काम या डबीतून व्हायचं नाही.

पर्स कुठे माझी? ही किल्ली घ्या. कपाटाची, हो, सगळ्यांची. शिपाई आज रजेवर आहे, म्हणजे तुम्हीच. बसा इथे माझ्या जागी. तुम्हाला सगळं येतं, तुमच्याच लोकांनी तर शिकवलं आम्हाला. पुस्तक आलं की आधी नोंद आणि मग कपाट, एवढं लक्षात ठेवा. अहो, नियमात बसत नाही ते मला माहीत आहे, नियम मी तुमच्या आधीपासून पाळतेय. लिहा अहवालात काय लिहायचं ते.

किती वेळ लागेल ते नाही सांगता यायचं. कोणी विचारलं तर सांगा, बाई बहिणीकडे गेल्यात.