मिथुन राशीची मुलगी, सिंह राशीचा कागद

जबाब
पोलीस ठाणे, बुलढाणा. मे १९९८

मी, कु. कोकिळा तुळशीराम राखोंडे, जन्म सहा एप्रिल एकोणीसशे शहात्तर, वय २२ वर्षे, धंदा शिवणकाम, रा. पिंपळगाव राजा, ता. खामगाव, जि. बुलढाणा, समक्ष हजर राहून जबाब देते की,

मी वरील ठिकाणी आई सत्यभामाबाई व वडील तुळशीराम यांच्यासह राहते. आमची भाजीपाल्याची शेती आहे. फेब्रुवारीत दुसरबीड येथील शेषराव मेहेत्रे हे मुलगा इंद्रभान याच्यासाठी मला पाहण्यास आले. पसंती झाली. इंद्रभानने मला एकच विचारले, "शिलाई मशीन सोबत आणसान ना? खिडकीपाशी जागा करतो." मी हो म्हणाले.

माझी कुंडली गावच्या जोशीबुवांनी हाताने केलेली आहे. रास मिथुन. शेषराव म्हणाले, "हातानं लिहिणारा तोंड पाहून लिहिते. यंत्राले ना सोयर ना सुतक. कॉम्प्युटरवर पाहू." सर्वांना पटले. मलाही पटले होते, हे लिहून घ्यावे.

त्यावरून दोन्हीकडचे आम्ही बुलढाणा बसस्टँडजवळ निवृत्ती यांच्या दुकानात गेलो. ते एकाच कॉम्प्युटरवर कुंडल्या काढतात व लग्नपत्रिका छापतात. त्यांनी जन्मतारखा घातल्या. माझ्या कागदावर सिंह रास व ज्येष्ठ महिना आला. इंद्रभानची व माझी एकनाड निघाली. आई म्हणाली, "माही पोरगी पाडव्याच्या आठवड्यातली हाये. हा जेठ कुठून आणला?" शेषराव म्हणाले, "बाई, कॉम्प्युटरले खोटं बोलून काय भेटते?"

एकनाडीत मूल जगत नाही, असे आमच्याकडे मानतात. मागवलेला चहा तसाच ठेवून ते उठले. इंद्रभान दारापर्यंत गेला, थांबला, आणि गेला. त्याचा मला फार राग आला. अजून आहे. गावात तेव्हापासून मला मोडलेल्या सोयरिकीची म्हणतात.

ज्येष्ठ महिना चुकीचाच, हा हेका आईने सोडला नाही, म्हणून एप्रिलमध्ये आम्ही पुन्हा निवृत्ती यांच्याकडे गेलो. त्यांनी तपासले. जानेवारीत एका विक्रेत्याने त्यांना लग्नपत्रिका छापण्याचा नवा प्रोग्राम बसवून दिला होता. त्या प्रोग्रामने कॉम्प्युटरची तारीख वाचण्याची रीतच फिरवली, आधी महिना आणि मग दिवस. त्यामुळे कुंडलीच्या जुन्या प्रोग्रामने माझ्या सहा एप्रिलचा चार जून केला. इंद्रभानचा जन्म एकोणीस तारखेचा. एकोणिसावा महिना नसतो, म्हणून तो वाचला.

निवृत्ती यांनी कुंडलीच्या प्रोग्रामवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, आमच्यात दोष नाही, दुसऱ्याने ढवळाढवळ केली. विक्रेत्याला दुकानात बोलावले. तो आमच्यासमोर म्हणाला, "माझ्या प्रोग्राममध्ये दोष दाखवा. पत्रिका छापतो की नाही? दुसऱ्याचं बिघडलं तर ते दुसऱ्याचं कच्चं."

त्यावर आई म्हणाली, "गोठ्यात नवी म्हैस आणली. दूध देते, पण बाजूच्या गाईले शिंगं मारते. तिले मारकी म्हन्तेत का नाही? का गाईलेच कच्ची म्हनाचं?" तो हसला व म्हणाला, "मावशी, म्हशीचं वेगळं असतं." मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही.

निवृत्ती यांनी रीत पूर्ववत करून नवा कागद काढला. रास मिथुन, एकनाड नाही, गुण सत्तावीस. वडील तो घेऊन दुसरबीडला गेले. शेषराव यांनी कागद वाचला व म्हणाले, "खरं असंन. पण आमी आता दुसरीकडं कुंकू लावून आलो." वडील घरी येऊन जेवले नाहीत.

ठाणे अंमलदार साहेबांनी मला विचारले की, तक्रार कोणाविरुद्ध आहे. मी सांगते की, दोन्ही प्रोग्रामवाले निर्दोष आहेत, निवृत्ती निर्दोष आहेत, मेहेत्रेही निर्दोष आहेत. बिघडले ते माझे एकटीचे. जे स्वतः चालते आणि शेजारचे बिघडवते, ते माझ्या मते बिघडलेलेच. त्याला कोणते कलम लागते, ते मला माहीत नाही.

आज येथे येण्यापूर्वी मी निवृत्ती यांच्या दुकानात नव्या कागदाची प्रत मागण्यास गेले. टेबलावर इंद्रभानच्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. त्याच नव्या प्रोग्रामवर छापलेल्या. गणपती ठसठशीत, किनारीला मोर, नावे बरोबर, तारीख बरोबर. त्यातली एक मी मागून घेतली. प्रोग्राममध्ये दोष नसल्याचा पुरावा म्हणून ती या जबाबासोबत जोडावी.

माझा जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो लिहिला आहे. माझी जन्मतारीख आकड्यात न लिहिता अक्षरात लिहावी, अशी मी विनंती केली होती. ती तशीच लिहिली आहे, हे पाहून सही केली.

(सही) कोकिळा तुळशीराम राखोंडे