बारावा प्रश्न

— चप्पल काढ गं आधी, चपलेचं वजन नाही धरत आपण. हं. अठ्ठेचाळीस. आणि गेल्या महिन्यात? एकोणपन्नास. सातव्या महिन्यात बायका वाढतात, तू उतरायला लागलीस — असू दे, ये, बस इथे. पडदा ओढ. नवरा बाहेरच थांबणार, घाबरू नकोस, काट्याच्या खोलीत पुरुषांना सोडत नाही आम्ही, तेवढा एक नियम अजून पाळला जातो इथे. हात दे, बीपी बघू. हा नको? बरं, दुसरा दे. दार लागलं म्हणालीस ना मघाशी? दाराला पाच बोटं असतात हे बावीस वर्षांच्या नोकरीत मला माहीतच नव्हतं बाई. हसू नकोस, मशीन चुकीचं दाखवतं.

आता कार्डावरच्या बाराव्या प्रश्नाचं म्हणशील तर — घरी कोणी मारहाण करतं का, हो की नाही, दोन चौकोन — तो मी विचारतच नाही, कित्येक वर्षं झाली. अकरा झाले की बाराव्यापुढे नाहीची खूण करायची, तोंडाने इंजेक्शनची तारीख सांगायची, संपलं. आज तुझा दंड दिसला आणि तोंडातून निसटलं. चुकलंच माझं. आता तू अशी बघतेयस, की बाई विचारतेय म्हणजे बाईंकडे काहीतरी उपाय असणार. काय असणार? हे टेबल आहे, काटा आहे, लोहाच्या गोळ्या आहेत. अशा बायकांच्या मदतीचा एक फोन नंबर होता भिंतीवर, रंग देताना गेला. आणि लागायचा कुठे तो? मी लावून बघितलाय ना. एकीसाठी लावला होता.

होती एक. शिवणकाम करायची, दुसऱ्या खेपेची. आमचं तेव्हा नुकतंच दोन दिवसांचं प्रशिक्षण झालेलं — विचारा म्हणाले, मोकळेपणाने विचारा, बायका सांगतात. आणि सांगतात गं! तीच तर पंचाईत आहे. अर्धा तास बोलत होती ती, बाहेर रांगेत आरडाओरडा चाललेला, मी उठलेसुद्धा नाही. तिच्याच कापड मोजायच्या पट्टीने मारायचा नवरा. मी ‘हो’वर खूण केली. नुसती खूण करून थांबले असते तरी — पण नाही, मला हौस. खाली सगळं लिहिलं, कधीपासून, कशाने, कुठेकुठे. अक्षर चांगलं आहे ना माझं, कोणालाही वाचता येतं. प्लास्टिकच्या कव्हरात कार्ड घातलं आणि तिच्या हातात दिलं. म्हटलं, जपून ठेव हो.

कळलं का तुला? कार्ड घरी जातं. पुढची तारीख बघायला नवरा उघडतो, सासू उघडते. रोज चाळीस कार्डं देते मी याच हातांनी, मला माहीत नव्हतं का?

पंधरा दिवसांनी आली. पोट नव्हतं. भांडली असती, थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं मला — पण ती हळूच म्हणाली, सिस्टर, ते तेवढं खोडून द्या ना. मी खोडलं. इतकं गिरवलं, इतकं गिरवलं, की कागद फाटला. तिने उजेडात धरून बघितलं, वाचता येतंय का ते, आणि गेली. नंतर इथल्या रजिस्टरात मी लिहिलं, पाय घसरून पडली, असं रुग्णाने सांगितलं. तिने असं काही सांगितलं नव्हतं. तिने पडण्याचं नावच घेतलं नव्हतं. वरच्या अधिकारी बाईंनी विचारलं तेव्हाही मी — हे का सांगतेय मी तुला? ये, वर झोप, ठोके ऐकू. आहेत. चांगले आहेत. ऊठ सावकाश.

म्हणून म्हणते, गप्प राहा, कार्डावर ‘नाही’ असलेलंच बरं — काय? कार्डावर नको, रजिस्टरात लिहा? ते घरी जात नाही म्हणतेस. हो, जात नाही. कपाटातच असतं, किल्ली माझ्याकडे. मग काय अडचण? अगं, अडचण — तुझं काही बरंवाईट झालं तर कुठेतरी लिहिलेलं असावं, एवढंच मागतेयस, कळतंय मला. मूर्ख नाहीये मी. पण एक हो लिहिला की वरचे लोक रजिस्टर मागवतात. मागची पानं उलटतात. इतक्या वर्षांत हजारो बायका आणि सगळ्यांचं नाही, हे कसं काय सिस्टर, विचारतील. मग त्या शिवणवालीच्या पानावर येतील. माझी दीड वर्षं राहिलीयत गं निवृत्तीला.

अशी बघू नकोस. हात सोड माझा. सोड म्हणते ना.

हे बघ, लिहिलं. कार्डावर, रजिस्टरात, दोन्हीकडे बारा — नाही. गोळ्या दोन वेळा, जेवणानंतर. एकवीस तारखेला ये. बाही खाली ओढ बाहेर जाताना, आणि डोळे पूस — पूस की नीट. चल, ऊठ. पुढची कोण आहे? या आत, चप्पल बाहेरच काढा.